‘सक्रिय करणे’ नेमके केव्हा?

प्रश्न असा: ‘आतड्याच्या दाहविकारात विकरे दाहक संदेशवाहक प्रथिनांना उत्तेजित करतात’ हे वाक्य बरोबर आहे का? (विकरे म्हणजे एन्झाइम.) की ‘सक्रिय करतात’ म्हणावे?

‘उत्तेजित’ तर नकोच. चेतापेशी उत्तेजित होते, म्हणजे मुळात काम करू शकणारी पेशी डिवचली जाते आणि पुन्हा शांत होते. इथे तसे काही घडत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा या संदेशवाहक प्रथिनाचेच पाहा. पेशीत ते २६९ अमिनो आम्लांच्या लांबलचक पूर्वरूपात तयार होते आणि त्या रूपात ते जवळजवळ निरुपयोगी असते. कॅस्पेज-१ हे विकर ११६व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी छेद देते. मागे राहिलेला १५३ अमिनो आम्लांचा तुकडा पेशीबाहेर पडतो आणि दाहाचा निरोप पोचवतो. एकदा कापलेले पुन्हा सांधले जात नाही. म्हणून मी लिहीन, ‘विकर पूर्वरूपाला कापून त्याचे सक्रिय रूपात रूपांतर करते’. १९९२ साली हे विकर ओळखले गेले तेव्हाच्या त्याच्या नावातही ‘रूपांतर करणारे’ असेच विशेषण होते. कॅस्पेज हे बारसे नंतरचे.

टीएनएफ-अल्फा या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाच्या बाबतीत मात्र ‘सक्रिय’सुद्धा फसवे आहे. हे प्रथिन पेशीच्या पटलात रुतलेले असते आणि एडॅम-१७ हे विकर त्याचा बाहेरचा भाग कापते. पण पटलातले रूपही काम करतेच, फक्त लगतच्या पेशीपुरते. तेव्हा ‘सुटे करते’ किंवा ‘मोकळे करते’ एवढेच म्हणावे. जाता जाता, क्रोन या आतड्याच्या दाहविकारावर अमेरिकेत १९९८ पासून मान्यता असलेले इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफलाच पकडते, पटलातल्याही आणि सुट्याही. त्याला ‘विकररोधक’ म्हणणे चूक, तरी तसे लिहिले जाते.

‘सक्रिय करणे’ खरे शोभते ते जॅक विकरांना. ती पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट प्रथिनांवर फॉस्फेट गट बसवतात, मग स्टॅटच्या जोड्या जमून पेशीकेंद्रात शिरतात आणि दाहाशी निगडित जनुके कामाला लागतात. दुसरी विकरे तो फॉस्फेट काढूनही टाकतात. म्हणजे इथे सक्रिय-निष्क्रिय ही जोडी दोन्ही बाजूंनी जुळते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहविकारात दिले जाणारे टोफासिटिनिब हे औषध या जॅकनाच अडवते, त्यामुळे ते विकररोधक खरेच.

वाक्यातला ‘दाहक’ शब्दही मला खटकतो. दाहक म्हटले की आम्ल किंवा कातडी भाजणारा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. ही प्रथिने स्वतः काही जाळत नाहीत, ती दाह सुरू करायला सांगतात, ‘दाहकारक’ बरे.

‘प्रथिनांना’ मात्र राहू द्या. एरवी निर्जीव कर्माला मराठीत ‘ना’ लावायची गरज नसते. ‘मुले दप्तरे उचलतात’ म्हटले की भागते. पण ‘विकरे प्रथिने सक्रिय करतात’ असे लिहिले तर दोन्ही नामे नपुंसकलिंगी, दोन्ही अनेकवचनी, आणि विकरेही बहुतेक प्रथिनेच. कोण कोणाला सक्रिय करते हे मग केवळ शब्दक्रमावर सोडावे लागते.