गुलमोहर शेंड्याकडून वाळतोय? फवारणीआधी बुंधा बघा

प्रश्न आलाय की लॉनमधला मोठा गुलमोहर शेंड्याकडून वाळत चाललाय, ऐन पावसात पानं पिवळी पडून गळतात, बुंध्याशी डिंक येतो, दोनदा बुरशीनाशक मारलं तरी फरक नाही, आता कुठलं औषध मारू?

दादा, नवीन औषध सध्या राहू द्या. उन्हाळ्याच्या तोंडावर गुलमोहर पानं गाळतोच, तो रोग नाही, पण पावसात गळ आणि सोबत डिंक म्हणजे दुखणं बहुतेक मुळात नाहीतर बुंध्यात आहे आणि पानांवर मारलेला फवारा तिथं पोचतच नाही. आधी बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करा, मुळं जिथून फाकतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. बऱ्याच बागांमध्ये तिथं मातीचा, पालापाचोळ्याचा ढीग लावलेला असतो, वरून लॉनसाठी रोज पाणी, साल कायम ओली राहते आणि गवत कापायच्या मशीनने सालीला जखम झाली की बुरशीला दारच उघडं मिळतं. डिंकाच्या जागी चाकूने साल हलकी खरवडा, आत पांढरट-हिरवं असेल तर जिवंत आहे, तपकिरी आणि आंबूस वास येत असेल तर ती कूज.

कुजलेली साल निरोगी भागापर्यंत तासून काढा आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी बादली अजिबात नको, मग एकत्र करून ढवळा. चकचकीत लोखंडी सुरी बुडवून बघा, तिच्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवा. त्याच दिवशी संपवायची, शिळी पेस्ट काम करत नाही.

वाळलेल्या फांद्या कोरड्या हवेत, जिवंत लाकडात थोडं आत जाऊन कापा. फांदी खोडापासूनच काढायची असेल तर तिच्या मुळाशी जो फुगवटा असतो तो राखून कापा, खोडाला घासून नको आणि खुंटही नको. प्रत्येक कापणीनंतर करवत स्पिरिटने पुसा, हे लोक हमखास टाळतात आणि रोग स्वतःच्या हाताने पुढच्या झाडावर नेतात! बुंध्याभोवती दोन-तीन फूट लॉन काढून टाका, पाणी खोडाशी न देता फांद्यांच्या घेराखाली, माती वाळल्यावरच. मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर ओतलं तर चालेल, पण त्याच्यासोबत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयोगी बुरशी) देऊ नका, तीसुद्धा बुरशीच आहे, तांब्याने तीच मरेल, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. बुंध्यावर तपकिरी, लाकडासारखी टणक छत्री उगवलेली दिसली तर ती गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी, असू शकते, आणि गॅनोडर्माने आतून कुजवलेलं लाकूड कुठल्याही औषधाने परत येत नाही. वर पालवी हिरवी असतानाही असं झाड वाऱ्यात आडवं होतं, म्हणून त्याखाली बाक, गाडी, मुलांचा झोका काही ठेवू नका आणि जाणकाराला दाखवून झाड काढायचं का ते लगेच ठरवा.

दुसऱ्या ताईंनी तामणीच्या कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसते म्हणून विचारलंय, ती भुरी, पानांवरचा बुरशीचा रोग. गर्दी झालेल्या फांद्या विरळ करा, पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर सकाळी लवकर फवारा, कडक उन्हात मारलं तर पानं करपतात.