१.९ लाखाचा अ‍ॅम्प आणि १० लाखाचा विमा

पत्र बेळगावच्या शहापुरातून आलंय. वय ४१, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, हातात ७० हजार, बायको घरीच, दोन मुली, थोरली नववीत. पुण्यातून सेकंडहँड बुकशेल्फ स्पीकर आणलेत, ४ ओहम (अ‍ॅम्पवर पडणारा भार), ८४ डीबी (एका वॉटात किती आवाज निघतो ते). आता दुकानदार १.९ लाखाचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प दाखवतोय, चॅनेलला ८ वॉट. प्रश्न एवढाच की त्यासाठी जुनी पॉलिसी मोडू का ईएमआयवर घेऊ, कारण "अशा अ‍ॅम्पची किंमत वाढतच जाते, म्हणजे गुंतवणूकच झाली की."

साहेब, अ‍ॅम्पचं आधी उरकून टाकू. नको. १ वॉटला एक मीटरवर ८४ डीबी, वॉट दुप्पट केले की ३ वाढतात, म्हणजे ८ वॉटला ९३ आणि गाडी तिथंच थांबली. सोफा तीन मीटरवर, तिथं येईपर्यंत त्यातले ७-८ गेले. शिवाय ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे खरे २ वॉट, तसं असेल तर अजून ३ वजा करा. तुम्ही कुमारजी ऐकता म्हणून लिहिलंय (कुमार गंधर्व, सुळेभावीचे, आपल्या उंबऱ्यावरचेच), तर तंबोरा आणि गळा मस्त वाजेल हो, पण थोडा आवाज वाढवून तबल्याची थाप आली की अ‍ॅम्पचा दम संपला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाईट नसतो, त्याला ९५ डीबीच्या आसपासचा स्पीकर लागतो, तुमची जोडी जमत नाही एवढंच. तुम्हाला ५०-६० वॉटचा, ४ ओहम झेपणारा साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प पुरे, ५० हजारात येतो. आणि गुंतवणूक वगैरे विसरा, खोक्यातून काढला की सेकंडहँड झाला.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की घरावर २८ लाख कर्ज आहे, विमा म्हणजे हीच एक पॉलिसी, कव्हर १० लाख, आणि मागच्या वर्षी शुगर "थोडी" वाढलेली. अहो, हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ते १० लाख बँकेलाच पुरत नाहीत, १८ लाख तरी अंगावर राहतात, आणि महिन्याचा ३५ हजार घरखर्च म्हणजे वर्षाला ४ लाखाच्या वर, तो कोण देणार?

१ कोटीचा टर्म प्लॅन (नुसतं मृत्यूचं कव्हर, जगलात तर पैसे परत नाहीत), वयाच्या ६० पर्यंत, वर्षाला २०-२५ हजारात बसेल, शुगरमुळे थोडा चढेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्मवर शुगर लिहा, एजंट "राहू द्या हो" म्हणाला तरी लिहा, पहिल्या तीन वर्षांत लपवलेलं सापडलं तर क्लेम बायकोच्या हातातून जातो. आणि कर्ज आहे म्हणून पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या, म्हणजे त्या पैशावर बँकेला हात टाकता येत नाही. हे घेतानाच सांगावं लागतं, मागाहून होत नाही.

आता ती पॉलिसी. वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख, "दामदुप्पट". एजंटनं पहिल्या हप्त्याला कुंद्याचा डबा आणला असणार. अहो, तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं तिथं अडकतो, ७२ ला साडेपंधरानं भागा, साडेचार टक्के. साधा पीपीएफ ७.१ देतोय, त्यानं २९ लाख झाले असते. त्यातही ते २० लाख बहुतेक एजंटनं दाखवलेल्या अंदाजाच्या तक्त्यातल्या, ८ टक्के परतावा धरलेल्या रकान्यातले असणार, शेजारीच ४ टक्क्यांचा रकाना असतो, त्यावर एजंटचं बोट गेलं नसेल.

पण म्हणून अ‍ॅम्पसाठी घाईनं मोडायची नाही. ४ हप्ते गेलेत, मोडली तर ४ चे साधारण २ लाख हातात येतील. कंपनीला लेखी विचारा, आज सरेंडर केली तर किती आणि हप्ते बंद करून पेड-अप ठेवली तर १६ वर्षांनी किती. ७ टक्क्यांनी १६ वर्षांत पैसा तिप्पट होतो, म्हणजे २ चे ६. पेड-अपचा आकडा ६ लाखाच्या वर असेल तर पडून राहू दे, कमी असेल तर मोडा आणि पैसे पीपीएफमध्ये टाका, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, राहिलेले पुढच्या वर्षी. पण हे सगळं टर्म पॉलिसीचा कागद हातात पडल्यावर, त्याआधी हप्ता चुकवू नका, शुगरवाल्याला कंपनीनं नकार दिला तर ते १० लाखही गेले.

दिवाळीचा बोनस ६० हजार येतो म्हणता. त्यातले २५ टर्मला, उरले ३५, पुढचे तीन महिने ५-५ बाजूला ठेवा, झाला अ‍ॅम्प. तोपर्यंत हॉलच्या फरशीवर जाड सतरंजी टाका आणि खिडकीला पडदा लावा, दोन हजारात आवाजात फरक पडतो. आणि दुकानात जाताना स्पीकर रिक्षात घालून न्या, त्याच स्पीकरवर वाजवून बघा, अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर ४ ओहम लिहिलंय का तेही वाचा.