गोचीड चावली, पण लक्षण काहीच नाही. अँटिबायोटिक घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता. रविवारी दुपारी दोनच्या सुमारास जंगलातल्या ट्रेलवर गेलात, सोमवारी रात्री नऊला पोटरीला चिकटलेली गोचीड दिसली आणि ती चिमट्याने काढलीत. आज मंगळवार. ताप नाही, चट्टा नाही. घरात भारतातून आणलेलं अझिथ्रोमायसिन आहे, ते सुरू करू का?

अझिथ्रोमायसिन नको. उरलेलं अमॉक्सिसिलिन असेल तर तेही नको. चाव्यानंतर लाइम रोग (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा आजार) टाळण्यासाठी ज्याला खरा आधार आहे ते औषध डॉक्सिसायक्लिन, आणि तेही एकच डोस. मात्र तो प्रत्येक चाव्याला द्यायचा नसतो. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोचीड काळ्या पायांची, म्हणजे डिअर टिक असावी, ती लाइमचा प्रादुर्भाव असलेल्या भागात चावलेली असावी आणि किमान ३६ तास चिकटून राहिलेली असावी. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच डोस, आणि तो गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत.

३६ तास कुठून आले? लाइमचे जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतात. ती रक्त प्यायला लागल्यावर ते वाढतात, तिच्या लाळग्रंथींपर्यंत पोचतात आणि मग लाळेवाटे आपल्या त्वचेत उतरतात. याला वेळ लागतो, म्हणून लवकर काढलेली गोचीड सहसा लाइम देत नाही.

तुमच्या हिशोबाने ती ३१ तास चिकटलेली होती. पण ती रविवारच्याच ट्रेलवरची कशावरून? घरामागच्या अंगणातही डिअर टिक असतात, शनिवारी गवत कापलं असेल तर हिशोब बदलतो. म्हणून मी घड्याळापेक्षा गोचिडीच्या पोटाकडे जास्त लक्ष देईन. चपटी होती की फुगून राखाडी झालेली? न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर काउंटीतला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध न घेतलेल्यांपैकी ज्यांना फुगलेली पिल्लू-गोचीड चावली, अशा ८१ पैकी ८ जणांना लाइमचा चट्टा उठला. चपटी पिल्लू-गोचीड चावलेल्या ५९ पैकी एकालाही नाही. सगळे चावे धरले तर औषधाशिवाय ३.२ टक्के आणि एका डोसनंतर ०.४ टक्के लोकांना चट्टा उठला. म्हणजे एकाचा आजार टाळायला साधारण ३५ जणांना डोस द्यावा लागतो.

तेव्हा गोचीड टाकून दिली नसेल तर पारदर्शक चिकटपट्टीत बंद करा आणि जवळून फोटो काढा. डिअर टिकचं पिल्लू खसखशीएवढं असतं, प्रौढ मादी तिळाएवढी. पाठीवर ठळक पांढरा ठिपका असेल तर ती लोन स्टार टिक. तिच्यामुळे लाइम होत नाही. चपटी असेल तर मी औषध घेणार नाही, फक्त लक्ष ठेवीन. फुगलेली असेल, किंवा आधीच चिकटल्याची शंका असेल, तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. तुमची मुदत गुरुवारी रात्री नऊला संपते.

डोस मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल एकदम. मुलांना किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २००. २० किलोच्या मुलाला ८८. एका डोसने दात पिवळे पडण्याची भीती धरू नका. गरोदर असल्यास स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांशी बोला. उपाशीपोटी घेतलं की मळमळ आणि उलटी होते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड दोन तास दूर ठेवा. ‘खात्रीसाठी’ दहा दिवसांचा कोर्स करू नका. तो आजार झाल्यावरचा उपचार आहे.

आत्ता रक्त तपासून काही कळणार नाही, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे जातात. गोचीड प्रयोगशाळेत पाठवूनही निर्णय बदलत नाही: तिच्यात जिवाणू सापडले म्हणजे ते तुमच्यात उतरले असं नाही.

डोस घ्या किंवा नका घेऊ, पुढचे ३० दिवस त्वचा बघत राहा. पहिल्या दोन दिवसांतली छोटी लाली ही बहुतेक चाव्याचीच प्रतिक्रिया असते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो, पसरत जाऊन ५ सेंटिमीटरहून मोठा होतो, बहुधा खाजत किंवा दुखत नाही, आणि त्यात दरवेळी गोल कडी दिसतेच असं नाही. कडेला पेनाने रेघ मारून रोज बघा. ताप, थंडी किंवा अंगदुखी आली तर चट्टा नसला तरी डॉक्टरांकडे जा आणि चाव्याची तारीख सांगा. त्याच गोचिडीतून ॲनाप्लाझ्मोसिस किंवा बबेसियोसिस हे दुसरे आजारही होऊ शकतात. हा एक डोस त्यांच्यासाठी नाही. बबेसिया तर परजीवी आहे, त्यावर डॉक्सिसायक्लिन हा उपचारच नव्हे.

सिंधुदुर्ग किंवा गोव्यातून कोणी वाचत असेल तर हा हिशोब तिकडे लावू नका. दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी भागात गोचिडीची मुख्य भीती माकडतापाची. तो विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिकने टळत नाही. रानातून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रानात गेल्याचं आवर्जून सांगा.