नॉरअ‍ॅड्रेनालिनने पल्स कमी का होते?

अगो, वायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी) रिसेप्टरचा, म्हणजे औषध पेशीवर जिथे चिकटतं त्या जागांचा, तक्ता नुसता घोकू नकोस, बीपी-पल्सचे ग्राफ स्वतः काढून बघ. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात आमची अर्धी बॅच एकाच जागी अडकायची, बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन हृदयाचा वेग वाढवणाऱ्या बीटा-१ रिसेप्टरवरही चालतं मग पल्स वाढायची सोडून कमी का होते? तर अल्फा-१ रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळतात, सिस्टोलिक डायस्टोलिक दोन्ही वर, मानेतल्या कॅरोटिड सायनसला (बीपी जोखणाऱ्या जागेला) ते लगेच कळतं आणि व्हेगस नर्व्ह हृदयाला ब्रेक मारतो. आधी व्हेगसला अडवणारं अ‍ॅट्रोपिन दिलं की ब्रेकच गेला, मग पल्स वाढलेली दिसते, हे हमखास विचारतात. आयसोप्रिनालिन हे औषध नुसतं बीटावर चालतं, डायस्टोलिक खाली नि पल्स सुसाट. अ‍ॅड्रेनालिनचं डोसवर आहे, कमीत बीटा-२ मुळे स्नायूंतल्या वाहिन्या सैल, जास्तीत अल्फा वरचढ.

वॉर्डात नॉरअ‍ॅड हाताच्या शिरेतून चालू असेल तर दर फेरीला सुईजवळची कातडी पांढरी पडतेय का बघ, बाहेर झिरपलं तर कातडी मरते गो. आणि कुर्ल्या खाऊन अंगभर गांधी, घसा आवळलेला अशी जोराची अ‍ॅलर्जी झालेला मोठा माणूस कॅज्युअल्टीत आला तर अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, घाईघाईत शिरेत नको.