चूल-भट्टीचे प्रश्न : "ढेप भिजवली काय वं, सूनबाई?"

प्रश्न : काकू, नमस्कार. मी वरुड तालुक्यातली. घरचा संत्र्याचा बगिचा आहे. दिवाळीनंतर नणंद आणि नंदोई येणार होते, म्हणून मोबाईलवर पाहून फळांचा क्रिस्प करायला घेतला. खाली आंबिया बहाराच्या संत्र्याच्या फोडी, वर ओट्स, कणीक, साखर आणि लोणी चोळून केलेला थर. ओव्हन नाही, म्हणून कढईत मीठ पसरून, त्यावर डबा ठेवून, झाकण लावून पाऊण तास भाजलं. वरचा थर कुरकुरीत व्हायचा सोडून लापशीसारखा झाला आणि खालची संत्री कडू. सासऱ्यांनी ताटात पाहिलं आणि म्हणाले, "ढेप भिजवली काय वं, सूनबाई?" म्हणजे जनावरांची पेंड! नंदोई हसून हसून ठसकले. माझं कुठं चुकलं?

उत्तर : तुझे सासरे अगदीच चुकले नाहीत गं. ओट म्हणजे जई. पाण्याची सोय असलेली माणसं रब्बीत जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी ती पेरतात. म्हातारबांनी ते हिरवं पाहिलं असेल, तेच पुड्यातून ताटात आलं म्हटल्यावर त्यांना ढेपच आठवणार. माझ्या सासूबाई तर पहिल्या वेळी "कोंडा कायले टाकला वं वरतून?" म्हणाल्या होत्या, आणि वाटी पुढं करून अजून थोडा मागितलाही होता.

आता चुका. संत्र्यापासून सुरू करू, कारण आपल्याकडे घरचं संत्रं सोडून बाजारातलं फळ घ्यायचं म्हटलं की जिवावर येतं. संत्र्याच्या पाकळीवरच्या पातळ सालीत आणि बियांत असं एक द्रव्य असतं, की ताजी फोड तोंडात टाकली तर ते लागत नाही. पाकळी फुटून ते आंबट रसात मिसळलं की त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू. आच लागली की हे झपाट्यानं होतं. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट लागतो ना, तोच हा प्रकार. तू तर पाऊण तास शिजवलंस. शिवाय संत्रं म्हणजे नुसतं पाणी. त्या पाण्याची वाफ खालून वर येते आणि वरच्या थराला भिजवते.

म्हणून खाली पेरू घे. हिवाळ्यात पेरू तुझ्याकडेही मिळतोच. संत्र्याला मान द्यायचा असेल तर एका संत्र्याचा रस पेरूवर पिळ, शिजवायला ठेवायच्या अगदी आधी. आणि वरची केशरी साल बारीक किसून पिठाच्या थरात घाल. पांढरा भाग किसणीवर येऊ देऊ नको, त्यात कडूपणा असतो. वास असा सुटतो की शेजारीण भिंतीवरून विचारते.

दुसरी चूक ओट्सची. दुकानदारानं तुला दोन-तीन मिनिटांत शिजणारा पुडा दिला असणार. ते दाणे आधीच वाफवून, बारीक करून, पातळ लाटलेले असतात, ओल लागली की विरघळतात. जाड, अख्ख्या दाण्याचे चपटे केलेले ओट्स हवेत. पुड्यावर रोल्ड ओट्स लिहिलेलं असतं, मोर्शी-वरुडच्या मोठ्या किराणा दुकानांत मिळतात. पुडा उघडून बोटांत घे. जाड पोह्यासारखी गोल चकती दिसली तर बरोबर, भुकटी दिसली तर परत कर. एकदा माझ्या जावेनं मसाल्याचे ओट्स उचलून आणले. हळद-तिखटाचा गोड क्रिस्प खाल्लेली वऱ्हाडातली आमची एकटीचीच पंगत असेल.

तिसरी चूक मोठी, आणि ती तुझी नाही, सांगणाऱ्याची आहे. झाकलेल्या कढईत उष्णता खालूनच येते. फळ शिजतं, वाफ वर जाते, गार झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते थेंब तुझ्या थरावर टपटप पडतात. यानं केक होतो, कारण केकला ओलावा चालतो. क्रिस्पला वरून कोरडी आच लागते.

ती आच आपल्याकडे नवी आहे का? रोडगे कसे भाजतो आपण? गोवऱ्यांच्या विस्तवात, खालून वरून सगळीकडून. माझी आई नानकटाई करायची तेव्हा झाकणावर निखारे ठेवायची. तेच कर. चूल असेल तर उत्तम, नसेल तर गॅसवर कढई आणि अंगणातल्या शेगडीतले निखारे वरती. निखारे बाभळीचे किंवा गोवरीचे. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) घेऊ नको, ती भडाभडा जळते आणि निखारा टिकतच नाही, दहा मिनिटांत राख. कढईवर झाकण म्हणून लोखंडी परात उलटी नाही, सरळ ठेव, म्हणजे निखारे काठाच्या आत राहतील. परातीखाली एका बाजूनं उलथन्याचा दांडा सरकवून फट ठेव. वाफ त्या फटीतून निघून जाते, आणि परात तापलेली असल्यानं तिच्यावर थेंब धरतच नाहीत.

हे मी शहाणपणानं सांगते, पण पहिल्या वेळी माझं झाकण सपाट होतं. "झालं का ते बघू" म्हणून चिमट्यानं एका कडेनं उचललं, आणि सगळी राख सरळ आत. वरचा थर राखाडी. नातवानं तरीही खाल्ला, पण दात दाखवताना संक्रांतीच्या तीळगुळाइतके ठिपके होते. तेव्हा दोन सांडशा घे, दोन्ही बाजूंनी धर, सपाट वर उचल आणि बाजूला ठेव. आणि हा सगळा कारभार कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून लांब. वारा असेल त्या दिवशी करूच नको.

माप लिहून घे. पेरू एक किलो, पिकलेले पण दाबल्यावर बोट न रुतणारे. चार फाका कर आणि मधला बियांचा गाभा चमच्यानं काढ. गाभा टाकू नको. थोड्या पाण्यात दोन मिनिटं उकळून गाळणीतून दाब, बिया वर राहतील आणि खाली घट्ट गर येईल. बिया ठेवल्यास तर नंदोई पुन्हा ठसकतील. फाकांचे अंगठ्याएवढे तुकडे, तो गर, पाव वाटी साखर, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, संत्र्याचा रस. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला रस उकळायला हवा, कडेनं बुडबुडे येईपर्यंत क्रिस्प झाला म्हणू नको. हे सगळं स्टीलच्या पसरट डब्यात. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यात आंबट फळ काळपट पडतं आणि चवही बिघडते.

वरच्या थराला ओट्स एक वाटी, कणीक पाऊण वाटी, गुळाची कोरडी भुकटी अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, वेलदोडा, संत्र्याची किसलेली साल, आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे ओबडधोबड कुटून. त्यात साजूक तूप 75 ग्रॅम. परदेशी कृतीत लोणी 100 ग्रॅम लिहिलेलं असेल तर घाबरू नको. विकतच्या बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून तूप कमीच घालायचं. तूप थिजलेलं हवं, वितळलेलं नको. थिजलेलं तूप पिठात चोळलं की बोटांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गुठळ्या येतात, आणि भाजताना त्याच खुसखुशीत होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे तूप आपोआप थिजतं. मे महिन्यात करायचं मनात आलंच तर तूप आणि पीठ दोन्ही फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर हातात नुसती लिबलिबीत लापशी राहील.

हा थर दाबू नको. भुरभुरत टाक, पेरू इकडेतिकडे दिसला तरी चालेल. मीठ पसरलेली कढई दहा मिनिटं आधी तापव, डबा ठेव, मंद आच, वर निखारे, 35 ते 40 मिनिटं. निखारे मावळले तर अर्ध्यात नवे घाल. थर सोनेरी झाला की काढ, आणि पंधरा मिनिटं तसाच राहू दे. गरम असताना गूळ मऊ असतो, गार होताना कडक होतो, कुरकुरीतपणा तेव्हा येतो. तू घाईनं गरमच वाढला असणार.

सासऱ्यांना पहिली वाटी दे आणि काय म्हणतात ते कळव.

प्रश्न : काकू, क्रिस्प आणि क्रम्बल एकच का? आमच्या मुलीचा यावरून मैत्रिणीशी वाद झाला. — मूर्तिजापूर

उत्तर : बहिणी आहेत. ओट्स असले की बहुतेक अमेरिकन घरांत क्रिस्प म्हणतात, नुसतं पीठ-लोणी-साखर असलं की ब्रिटिश घरांत क्रम्बल. क्रम्बलचं प्रस्थ दुसऱ्या महायुद्धात वाढलं. ब्रिटनमध्ये 1940 पासून लोणी-साखरेचं रेशन होतं, तेव्हा 'पाय' नावाच्या फळभरल्या पदार्थाची लाटलेली पोळी करण्याऐवजी थोडंसं पीठ भुरभुरलं की काम भागायचं. हल्ली क्रम्बलमध्येही ओट्स घालतात, म्हणून मुलींनी वाद मिटवावा आणि भांडी घासावीत.

प्रश्न : ओट्सऐवजी ज्वारी चालेल का? आणि आमच्याकडे सीताफळ भरपूर आहे.

उत्तर : ज्वारीचे चपटे पोहे मिळतात, ते छान चालतात, थोडे जास्त कडक होतात एवढंच. लाह्या घालू नका, मऊ पडून चामट होतात. घरात कुणाला गहू चालत नसेल तर कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घ्या. मग ओट्ससुद्धा ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच आणा, कारण साध्या ओट्समध्ये कारखान्यात थोडा गहू मिसळला जाऊ शकतो.

सीताफळ मात्र नाही. आच लागली की ते कडवट होतं, गर काढून गारच खावं. बोरं नकोत, आठळ्या काढताना जीव जाईल. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी मिळाली तर तिला पाणी फार सुटतं, कॉर्नफ्लोअर दुप्पट घ्या.

प्रश्न : सासऱ्यांना शुगर आहे. ओट्स असल्यामुळे त्यांना क्रिस्प चालेल ना?

उत्तर : ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू चांगला आहे, खरं आहे. पण वर अर्धी वाटी गूळ आणि 75 ग्रॅम तूप बसलेलं आहे, ते ओट्सकडे बघून पळून जात नाही. गूळ म्हणजे साखर नव्हे असं आपल्याकडे पुष्कळ लोक समजतात, शुगरच्या माणसाला तो साखरेइतकाच नडतो. त्यांच्यासाठी गूळ अर्धा करा, फळ जास्त ठेवा, दोन चमचे द्या, आणि किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : काटोल तालुक्यातून लिहितो. मुलानं नागपूरहून ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) पाठवला. पुस्तकातल्या 180 डिग्रीला 40 मिनिटं ठेवलं तरी वर रंगच येत नाही. मशीन खराब आहे का?

उत्तर : भाऊ, आधी व्होल्टेज बघा. तुमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की 230 च्या जागी 180 व्होल्ट येत असतील. ओव्हनच्या कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणजे 180 व्होल्टवर ती जेमतेम 61 टक्के उरते. ओव्हन तापतो, पण रेंगाळत. दुपारी वीज बरी असेल तेव्हा करून पाहा, किंवा आधी वीस मिनिटं रिकामा तापवा. तरीही नाही झालं तर डबा एक खण वर सरकवा आणि शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल लावा, पण समोरून हलू नका.

वीज मध्येच गेली तर दार उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत आली तर उरलेला वेळ पूर्ण करा. नाहीच आली तर डबा काढून कढईत ठेवा आणि वर परातीत निखारे.