अलास्कातला हॅलिबट शंभर वर्षं पकडूनही संपत नाही, मग आमच्या धरणातला मासा का संपतो?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवापूरकडचे, मामा उकई धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्या सोसायटीत आहेत, आणि मोबाइलवर अलास्काच्या बोटींवर माणसाएवढे हॅलिबट, म्हणजे समुद्रातले चपटे मासे, ओढतानाचे व्हिडिओ पाहून हे सगळं डोक्यात आलं. विचारलंय तीन गोष्टींबद्दल: दोन्ही डोळे एकाच अंगाला कसे येतात, ती मासेमारी टिकली कशी, आणि हा मासा आपल्याकडे पाळता येईल का. मी धुळ्यात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिला प्रश्न वर्गात दरवर्षी येतोच. दुसरा मात्र पहिल्यांदाच कुणी विचारला, आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे.

आधी डोळ्यांचं. हॅलिबटची मादी हिवाळ्यात खंडाच्या उतारावर, म्हणजे समुद्राचा तळ जिथे एकदम खोल होत जातो तिथे, दोनशे-चारशे मीटर खोल पाण्यात अंडी सोडते. पाण्याचं तापमान तिथे ३ ते ८ अंश. पिल्लू बाहेर येतं ते रोहूच्या पिल्लासारखंच सरळ असतं, एक डोळा इकडे, एक तिकडे. प्रवाहाबरोबर ते अलास्काच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे वाहत जातं आणि सुमारे सहा महिन्यांनी उथळ पाण्यात तळाला बसतं. तोवर कवटीची हाडं पिळवटत जातात आणि डावा डोळा माथ्यावरून उजवीकडे येतो. उजवी बाजू गढूळ तळाच्या रंगाची होते, डावी पांढरीच राहते. हे सगळं थायरॉइडच्या संप्रेरकावर चालतं, बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते तीही त्याच संप्रेरकामुळे.

सजीव हळूहळू बदलत जातात म्हणणाऱ्या डार्विनला यावरून चांगलाच त्रास झाला होता. त्यांचे टीकाकार प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ साली विचारलं की डोळा अर्ध्या वाटेवर असताना त्या माशाला फायदा काय? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या १८७२च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण हातात पुरावा नव्हता. तो २००८ साली मिळाला. जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत असे मासे दाखवले की ज्यांचा एक डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर थांबलेला होता.

असा डोळा बघायला इटलीला जायची गरज नाही. नंदुरबारच्या बाजारात सुरतेकडून बर्फात येणाऱ्या मालात कधीमधी भाकस असतो, हाही चपटाच मासा. मिळाला तर काळपट बाजू वर करून ठेवा. एक डोळा जागेवर असतो, दुसरा अगदी माथ्याच्या कडेला, पुढे सरकायचं राहून गेल्यासारखा. लेप्यामध्ये (हा दुसरा चपटा मासा) पाठीचा पर डोक्यावरून थेट थोबाडापर्यंत आलेला असतो, भाकसाचा मागेच थांबतो. तोंड मोठं, दात सुळ्यांसारखे, बोट घालू नका. काही भाकसांचे डोळे उजवीकडे असतात, काहींचे डावीकडे, आणि कधीकधी हा मासा चक्क उभा पोहतो. चपट्या माशांच्या कुळातला हा सगळ्यात जुन्या वळणाचा. इंग्रजीत यालाही इंडियन हॅलिबटच म्हणतात, म्हणून हॉटेलात ‘हॅलिबट’ दिसला की तो अलास्काचा समजू नका.

आता मासेमारीचं. तुमच्या प्रश्नातलं गृहीतच आधी दुरुस्त करायला हवं. हॅलिबट संपत नाही असं नाही, त्याचा साठा दोनदा पार खालावलाय. १८८८च्या सुमारास रेल्वे पॅसिफिक किनाऱ्याला पोचली आणि बर्फात घातलेला मासा थेट पूर्वेकडच्या शहरांत जाऊ लागला. (भुसावळकरांना सांगायला नको, रुळ आले की कुठला माल कुठे जातो.) वीस-पंचवीस वर्षांत जवळची मासेक्षेत्रं रिकामी झाली. मग १९२३ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार करून या एकाच माशासाठी आयोग नेमला. तो आज इंटरनॅशनल पॅसिफिक हॅलिबट कमिशन या नावाने सिॲटलमध्ये आहे. सुरुवातीला हातात फक्त हिवाळ्यातली तीन महिन्यांची बंदी होती. किती पकडायचं हे ठरवायचा अधिकार १९३०च्या करारानंतर आला.

तीसच्या दशकात मासा वाढला. आयोगाचे विल्यम थॉम्पसन म्हणाले, नियमांमुळे वाढला. मार्टिन बर्कनरोड नावाच्या शास्त्रज्ञाने म्हटलं, निसर्गाचा फेरा होता, नियम नसते तरी वाढलाच असता. हा वाद मत्स्यशास्त्रात आजही शिकवतात, आणि माझ्या मते दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, कारण हॅलिबटची नवी पिढी चांगली येते की नाही हे समुद्राच्या उष्ण-थंड फेऱ्यांवर बरंच अवलंबून असतं. साठच्या दशकात परदेशी ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, आले, त्यांच्या जाळ्यात दुसऱ्या माशांबरोबर कोवळा हॅलिबट मरू लागला, आणि सत्तरच्या दशकात साठा पुन्हा कोसळला. म्हणजे हॅलिबट पकडणाऱ्या गळवाल्यांना नियम लावले आणि नुकसान जाळेवाल्यांनी केलं. आजही बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलरना हॅलिबट ठेवता येत नाही, परत फेकावा लागतो, आणि त्या मेलेल्या माशांवर मर्यादा किती असावी यावरून भांडणं चालूच आहेत.

हा मासा एवढा नाजूक का, ते त्याच्या वयात आहे. मादी अंड्यावर यायला साधारण १२ वर्षं लागतात. सगळ्यात म्हातारा सापडलेला ५५ वर्षांचा होता. वजन दोनशे किलोच्या वर जाऊ शकतं, आणि असा धूड मासा सापडला तर ती मादीच, कारण नर लहानच राहतात. रोहू दोन-तीन वर्षांत तयार होतो. रोहू म्हणजे आपली केळी समजा, आणि हॅलिबट बांधावरचा आंबा. केळीचा घड चुकला तर वर्षात भरून निघतं.

वय काढतात ते कानातल्या खड्यावरून. माशाच्या डोक्यात, मेंदूच्या खाली, तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढे चुन्याचे खडे असतात. हॅलिबटचा खडा मधोमध मोडतात, भट्टीत भाजतात, मग कडेला गडद-फिकी वर्तुळं स्पष्ट दिसतात, वर्षाला एक. सूक्ष्मदर्शकाखाली बसून ती मोजायची. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा हिशोब त्यावर उभा आहे. दुसरा आधार म्हणजे आयोगाचं स्वतःचं सर्वेक्षण. दर उन्हाळ्यात बोटी भाड्याने घेऊन, १० सागरी मैलांच्या चौकटीवर ठरलेल्या जागी, त्याच प्रकारचे गळ, तेच आमिष लावून किती मासा लागतो ते बघतात. कोळी जातो तो मासा असेल तिथे, सर्वेक्षण जातं ते ठरलेल्या जागी. हा फरक फार मोठा आहे. फक्त बाजारातल्या आवकेवरून अंदाज बांधला असता तर शेवटचा मासा पकडेपर्यंत सगळं आलबेल दिसलं असतं.

एवढं मोजूनही घोळ होतोच. ३२ इंचांपेक्षा लहान हॅलिबट विकायला आणायचा नाही असा नियम १९७३पासून आहे. ऐकायला छान. पण नर लहान राहतात, म्हणून ३२ इंचांच्या वर प्रामुख्याने माद्याच येतात, आणि नियमानेच मारा माद्यांवर होतो. त्यात मासा बोटीवरच साफ होतो, बंदरात नर-मादी ओळखता येत नाही. शेवटी २०१७पासून पराचा तुकडा कापून जनुकीय तपासणी सुरू केली. शिवाय मासा वयाच्या मानाने लहान होत गेलाय. ऐंशीच्या दशकातली २० वर्षांची मादी आणि अलीकडची २० वर्षांची मादी यांत वजन निम्म्याहून कमी झालं. अन्नाची स्पर्धा, समुद्रातले बदल, मोठे मोठे मासे वेचून काढणं, अशी कारणं मांडली जातात.

युरोपातही नियम असाच एकदा फसला. उत्तर समुद्रात प्लेस नावाचा चपटा मासा आहे. त्याची पिल्लं वाचवायला १९८९ साली हॉलंड, जर्मनी, डेन्मार्कच्या किनाऱ्याचा पट्टा मोठ्या ट्रॉलरना बंद केला. पुढे कोवळे प्लेसच पट्ट्याबाहेर, खोल पाण्यात जास्त राहू लागले. नकाशावरची रेघ माशाला कोण समजावणार?

तुमच्या मामांच्या कामाची गोष्ट मात्र पुढे आहे. अलास्कात एकूण किती पकडायचं हे ठरलेलं होतं, पण कुणी किती हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे जो तो मोठी बोट घेऊन धावायचा, कोटा लवकर संपायचा, म्हणून हंगाम आखडत जायचा. नव्वदच्या आसपास वर्षभराची मासेमारी २४ तासांच्या दोन-तीन खेपांवर आली. वादळ असलं तरी निघायचं, कारण उद्या नाही. गळांच्या दोऱ्या समुद्रातच टाकून यायचे, त्यावर मासा लागून फुकट मरायचा. सगळा माल एका दिवशी बंदरात, भाव कोसळलेला, बाकीचं वर्ष गोठवलेला मासा. कॅनडाने १९९१ साली आणि अलास्काने १९९५ साली प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला. हंगाम आठ-नऊ महिन्यांचा झाला. तुझा वाटा तुझाच, हवा बघून जा, भाव बघून आण.

याची दुसरी बाजूही आहे. वाटे मिळाले ते आधी मासा पकडलेल्या बोटमालकांना, खलाशांना नाही. नव्या पोराला वाटा विकत घ्यावा लागतो आणि तो महाग आहे. छोट्या गावांतले वाटे विकले जाऊन शहरात गेले. बेरिंग समुद्राकाठच्या ६५ गावांसाठी वेगळा कोटा राखून ठेवला, तो नसता तर तिथले मूळ रहिवासी काठावर बसून राहिले असते.

आता आपल्या धरणांकडे बघा. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. बोटुकली ऐवजी मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली इवलीशी पिल्लं, सोडले की निम्म्याहून जास्त चिलापी आणि मरळच्या पोटात जातात. आणि तलावातल्या मासेमारीच्या ठेक्याचं शेवटचं वर्ष आलं की मी अनेक तलावांवर हेच पाहिलंय: बारीक आसाची (भोकांची) जाळी निघतात, पाव किलोचा कटलासुद्धा सोडत नाहीत, कारण पुढच्या वर्षी पाणी आपल्याकडे असेल याची खात्री नाही. हीच अलास्काची २४ तासांची शर्यत, फक्त उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं म्हणून आणखी सोपी. त्या माणसांना लोभी म्हणून उपयोग नाही, थांबलेला तोट्यात जाईल असाच तो व्यवहार आहे. सोसायटीने सभासदांत वाटे आधी ठरवले, जाळ्याचा आस ठरवला आणि ठेका लांब मुदतीचा मागितला तर थांबणं परवडायला लागेल. आणि मामांना एक वही घालायला सांगा: तारीख, किती जाळी, कुठला मासा किती किलो, सगळ्यात लहान केवढा. दोन वर्षांची अशी वही हातात असली की मत्स्यव्यवसाय खात्याच्या साहेबांशी बोलणं वेगळंच होतं.

तिसरा प्रश्न: पाळता येईल का? नाही. खारं पाणी हवं, तेही फ्रिजमधल्यासारखं थंड, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४. नॉर्वेत अटलांटिक हॅलिबट पाळतात, पण विक्रीला यायला कित्येक वर्षं लागतात आणि खर्च त्यांनाच झेपतो. भाव मिळणारा मासा हवा असेल तर शेततळ्यात मरळ बघा. जिवंत विकला जातो, कमी प्राणवायूतही तगतो. फक्त आकाराप्रमाणे वेगवेगळे ठेवा, नाहीतर मोठे लहानांना खाऊन टाकतात.