पनीर घेतानाच सांगायला हवं होतं

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वास्तुशांतीसाठी त्यांनी नेहमीच्या डेअरीतून चार किलो सुटं पनीर आणलं. चावताना रबरासारखं लागलं म्हणून आयोडीनचे थेंब टाकले, तर तुकडा निळा-काळा पडला. दहा दिवसांनी फ्रीझरमधला उरलेला तुकडा खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात स्टार्च निघालं, वनस्पती तेलही निघालं. डेअरीवाला म्हणतो, "हे आमचं पनीरच नाही." बिल घेतलेलं नाही. आता या अहवालावर त्याला शिक्षा होईल का, असं ताई विचारतात. दूध, खवा, तूप, मिरचीपूड, माल कुठलाही असो, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतला प्रश्न हाच असतो.

ताई, या अहवालावर शिक्षा होणं मला शक्य दिसत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधलं कलम 40 वाचा. विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ते साध्या ग्राहकालाही देतं, मात्र एका अटीवर: हा माल मी तपासायला देणार आहे, हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितलेलं असलं पाहिजे. दहा दिवसांनी सांगून चालत नाही. अट नवीही नाही. 1954 च्या जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात कलम 12 मध्ये ती होतीच. सत्तर वर्षांत ती लोकांपर्यंत पोचू नये याचं मला फार वाईट वाटतं.

अटीमागचं कारण समजून घ्या. न सांगता नेलेला तुकडा दहा दिवस तुमच्या घरात होता. तो त्याच डेअरीचा, त्यात मधे कोणी काही मिसळलं नाही, हे कशावरून ठरवायचं? डेअरीवाल्याचं "आमचं नाहीच" हे वाक्य नेमकं याच फटीतून आत शिरतं.

अट पाळली असती तर पुढची वाट सरळ होती. फी भरायची, नमुना द्यायचा. विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याची एक प्रत तुम्हाला आणि एक थेट पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहसा सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे जाते. नमुना नापास झाला तर फीसुद्धा परत मिळते. पण विश्लेषक म्हणजे अन्न सुरक्षा आयुक्तांनी अधिसूचनेने नेमलेला माणूस. प्रयोगशाळेच्या पाटीवर भुलू नका, सही कोणाची आहे ते विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आधी सांगितलं तर तो चांगलंच पनीर काढून देईल. देईलही. म्हणून तुमच्यासाठी मला दुसरी वाट बरी वाटते. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आजच लेखी तक्रार द्या. खरेदीची तारीख, वजन, भाव लिहा, अहवालाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात जाऊन काउंटरवरच्या किंवा कोठीतल्या मालातून नमुना घेतो, त्याचे चार भाग करून सील करतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. असा नमुना न्यायालयात टिकतो. तुमचा अहवाल पुरावा म्हणून लंगडा असला, तरी अधिकाऱ्याला त्या दुकानात पाठवण्यापुरता पुरेसा आहे.

पोलीस ठाण्यात जायचं म्हणता, तो विचार सोडा. 2024 मध्ये रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असुरक्षित अन्नाच्या बाबतीत हा विशेष कायदाच वरचढ, भेसळीची जुनी दंडसंहितेतली कलमं त्याच्या जोडीला लावता येत नाहीत.

एक शंका राहते. वनस्पती तेल घालून केलेला, पनीरसारखा दिसणारा 'अ‍ॅनालॉग' पदार्थ तसं स्पष्ट सांगून विकायला कायद्याची मनाई नाही. तो पनीर म्हणून गळ्यात मारणं हा अपराध. त्या दिवशी दुकानात काही पाटी होती का, तो काय बोलला, हे आठवून तक्रारीत लिहा. आयोडीनवरही सगळं टाकू नका. त्याने स्टार्च कळतं, तेल कळत नाही.

पैसे आणि मनस्तापाची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण इतके दिवस गोठवलेल्या तुकड्याला तो किती वजन देईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. चाचणीची गरज असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. ती मुदत पाळली गेलेली मला क्वचितच दिसली आहे, आणि त्याचा फायदा नेहमी विक्रेत्यालाच होतो.

चार किलो पनीर बिलाशिवाय घेणं ही चूकच होती, ताई. तरी पैसे मोबाइलवरून दिले असतील तर बँकेचा उतारा आजच काढा. त्यावर तारीख, रक्कम आणि डेअरीवाल्याचं नाव असेल, आणि "आमचं नाहीच" याला सध्या तेवढंच उत्तर तुमच्या हातात आहे.